भिंतीचे चिलखत

रुग्णालये, शाळा आणि कचेऱ्या यांतील भिंतींना धक्के व डाग लागू नयेत म्हणून आता प्लास्टिकचे जाड तक्ते बसविले जातात. त्यांवर हवे ते चित्र छापता येते आणि वरच्या पारदर्शक थरामुळे धुतले तरी ते टिकते. साधन नवे असले, तरी कल्पना जुनीच आहे. तिची साक्ष पाहावयाची तर बीदरला जावे.

बहामनी राज्याची राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, पंधराव्या शतकात बीदरला आली. तेथे वजीर महमूद गवानने १४७२ च्या सुमारास मदरसा उभारला व त्याचा दर्शनी भाग झिलईदार रंगीत फरशांनी मढविला. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. परंतु उरलेल्या फरशांचा निळा रंग आजही डोळ्यांत भरतो. किल्ल्यातील रंगीन महालाच्या आतल्या भिंतींवरही अशाच फरशा आहेत. झिलई भट्टीत भाजली की काचेसारखी होते. चित्र आणि चिलखत तेथे एकच. आमच्या पणजीतील मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातील १९३५ ची चित्रफरशीही याच कुळातली.

मात्र अशी फरशी गळते ती बहुधा रंग उडाल्यामुळे नव्हे, तर तिच्या पाठीमागचा चुना सुटल्यामुळे. नव्या तक्त्यांचा उत्साह धरणाऱ्यांनी नेमके हेच ध्यानी घ्यावे. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे आहे आणि आमचा गोवाही. जांभ्याची, चुन्याने लिंपलेली जुनी भिंत ओल शोषते व बाहेर टाकते. तिच्यावर प्लास्टिक चिकटविले की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि गिलावा भुसभुशीत होतो. वरचे चित्र हसत असते, आतली भिंत मरत असते. म्हणून ओलीचे मूळ आधी शोधावे, तक्त्यामागे हवेला वाट ठेवावी आणि अष्टूरच्या घुमटांसारख्या चित्रांकित जुन्या वास्तूंना या तक्त्यांचा स्पर्शही होऊ देऊ नये.

चित्र कोणते, हाही प्रश्न गौण नव्हे. औराद, भालकी, बसवकल्याण या भागांत मराठी, कन्नड व उर्दू शेजारी नांदतात. तेथील रुग्णालयात परदेशी धबधबा छापून काय साधणार? त्यापेक्षा प्रसूतिकक्षाच्या वाटेवर निळे फूल व औषधखिडकीच्या वाटेवर पिवळा पक्षी छापला, तर निरक्षर मातेलाही कोणास न विचारता वाट सापडेल. भिंतीवरील चित्राने भिंत राखावी आणि माणसालाही आधार द्यावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.