'ञ'साठी एक कळ ठरवून ठेवा

नांदेडला १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले, लातूरला त्याचे उपकेंद्र आले. आपली मुले आता घराजवळच प्रबंध लिहितात. पण संगणकावर 'ञ' पटकन सापडत नाही आणि 'पञ्ञा'चे 'पन्ना' होते. पालीत पञ्ञा म्हणजे प्रज्ञा. एका अक्षराने अर्थच जातो.

यावर आम्ही सोपा उपाय सुचवतो. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये 'इन्सर्ट', 'सिम्बॉल', 'मोअर सिम्बॉल्स' असे जा. मराठी फॉन्टमधला 'ञ' निवडून 'शॉर्टकट की' दाबा. हव्या त्या कळा एकत्र दाबून 'असाइन' करा. त्याआधी 'करंटली असाइन्ड टू' वाचा. तिथे दुसरे काम दिसले, तर वेगळ्या कळा घ्या. कंट्रोल आणि बी दिलेत, तर अक्षर ठळक करण्याची कळ जाईल.

विहारातला किंवा अभ्यासिकेतला संगणक सगळ्यांचा असतो. तिथे 'सेव्ह चेंजेस इन'मध्ये 'नॉर्मल'ऐवजी आपली फाइल निवडा आणि शेवटी फाइल सेव्ह करा. म्हणजे ती कळ तुमच्याच लेखात चालेल, दुसऱ्या कुणाचे काम अडणार नाही.