चाफेकळी नाक हवे, पण श्वासाचे काय?

लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले ते पंचवटीत, आणि 'नासिक' हे नाव 'नासिके'वरून पडले, असे आपल्याकडे लहान मूलही सांगते. नाक जोडण्याची गोष्टही मराठी मुलखातलीच आहे. ती मात्र फारशी कोणी सांगत नाही.

१७९२च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कुंभाराने त्याला नवे नाक बसवले. त्याने आधी मेणाचे नाक घडवले, ते सपाट करून कपाळावर ठेवले आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. दोन डोळ्यांमधला कातडीचा देठ मात्र तोडला नाही. त्यातून रक्त मिळत राहिले आणि कातडी जगली. टाके नव्हतेच, काताच्या लेपाने कडा चिकटवल्या होत्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापला. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये तीच रीत लंडनमध्ये करून पाहिली.

सुश्रुतसंहितेत याच कामासाठी गालाची कातडी सांगितली आहे. इटलीतल्या तालियाकोत्सीने १५९७च्या ग्रंथात दंडाची कातडी वापरली; त्यात रुग्णाला दंड नाकाशी बांधून कित्येक दिवस राहावे लागे. कपाळाची रीत टिकली, कारण रंग जुळतो आणि रक्तपुरवठा भक्कम असतो. कर्करोगामुळे नाकाचा भाग काढावा लागला, तर प्लास्टिक सर्जन आजही कपाळाचीच कातडी घेतात आणि देठ साधारण तीन आठवड्यांनी सोडवतात.

नाक शाबूत आहे, फक्त आकार बदलायचा आहे, त्यांच्यासाठी दोन मार्ग आहेत. 'क्लोज्ड' पद्धतीत सगळे छेद नाकपुडीच्या आत असतात. बाहेर व्रण नाही, सूज तुलनेने लवकर उतरते. पण सर्जनला फटीतून काम करावे लागते. 'ओपन' पद्धतीत दोन नाकपुड्यांमधल्या खांबावर छोटा छेद घेऊन कातडी वर उचलतात. कूर्चा समोर दिसते, म्हणून वाकडा शेंडा, फाटलेल्या ओठासोबतचे नाक किंवा आधी बिघडलेली शस्त्रक्रिया यांत बहुधा हीच निवडतात. शेंड्यावरची सूज मात्र रेंगाळते. व्रण बहुतेकांत फिकट होतो.

'कोणती पद्धत चांगली?' हा प्रश्न मला थोडा चुकीचा वाटतो. तुमच्या नाकात काय करायचे आहे, हे आधी ठरते. उंचवटा घासून नाक बारीक करताना आतली कूर्चा जास्त काढली गेली, तर श्वासाची वाट आवळते आणि दिसायला सुरेख नाक रात्री तोंडाने श्वास घ्यायला लावते. आपण ज्याला 'नाकाचे हाड वाढले' म्हणतो, तो बऱ्याचदा वाकलेला पडदा असतो. तो त्याच वेळी सरळ करता येतो. म्हणून श्वासाचा त्रास असेल तर आधीच सांगा. तंबाखू आणि सिगारेटही लपवू नका, त्यांनी कातडीचा रक्तपुरवठा घटतो.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने म्हणणाऱ्या समाजात अनेक मुली मुहूर्त ठरल्यावर दवाखाना गाठतात. नाकाचा अंतिम आकार दिसायला वर्षही लागू शकते. लग्न पुढच्या महिन्यात असेल, तर ही शस्त्रक्रिया आत्ता नको.