दंड कापला गेला, जबाबदारी कोणाची?

घरचा जमाखर्च : भाग ६

मागच्या भागात आपण पासबुक ओळीने वाचायला शिकलो. ते वाचताना ‘एसीएच रिटर्न चार्ज’ किंवा ‘मिनिमम बॅलन्स चार्ज’ अशी एखादी नोंद बऱ्याच जणांना खटकली असेल. खात्यात पैसे कमी पडले म्हणून बँकेने कापलेला हा दंड. तो कोणाच्या चुकीचा, हे आज पाहू.

आधी हप्त्याचे घेऊ. समजा, गाडीचा हप्ता १२,००० रुपयांचा आहे, तारीख ५ आणि खात्यात आहेत ११,९४० रुपये. बँक आहेत तेवढे देऊन बाकीचे मागाहून घेत नाही, अख्खा हप्ता परत जातो. ओव्हरड्राफ्ट मंजूर करून घेतलेला नसेल, तर ते ६० रुपये बँक पदरचे घालत नाही. मग आपली बँक हप्ता परत गेल्याचे शुल्क (एसीएच रिटर्न चार्ज) लावते आणि कर्ज देणारी संस्था बाउन्सचे वेगळे लावते. दोन्ही ५००-५०० धरली, तरी ६० रुपयांपायी हजार रुपये गेले. चार दिवसांनी हप्ता पुन्हा लागला आणि तेव्हाही पैसे नसले, तर पुन्हा तोच भुर्दंड. इथे जबाबदारी बरीचशी आपली आहे. हप्ता खात्यातून कापण्याच्या परवानगीवर, म्हणजे मँडेटवर, सही आपली, तारीखही आपल्याला ठाऊक असलेली. हप्ता बहुधा सकाळीच लागतो, म्हणून पैसे आदल्या संध्याकाळीच खात्यात हवेत. हे हलक्यात घेऊ नये. चेक न वटल्यास जसे फौजदारी कलम १३८, तसे असा हप्ता परत गेल्यास २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचे कलम २५ आहे.

मिनिमम बॅलन्सचे गणित मात्र इतके उघड नसते. अनेक बँका रोजची शिल्लक न पाहता महिन्याची सरासरी काढतात. समजा, अट ५,००० रुपयांची आहे. १ तारखेला पगार आला आणि चार दिवस खात्यात ३०,००० रुपये राहिले. पाचव्या दिवशी हप्ता, घरभाडे, शाळेची फी गेली आणि उरलेले २६ दिवस १,००० रुपये राहिले. रोजच्या शिलकेची बेरीज १,४६,०००, तिला ३० ने भागले की ४,८६७. म्हणजे १३३ रुपये कमी! महिन्याच्या सुरुवातीला तीस हजार पाहिलेल्या माणसाला आपण अटीत बसत नाही, हे कळणार कसे? नोकरी सुटल्यावर झिरो बॅलन्सचे पगार खाते साधे बचत खाते होते, तेव्हाही हेच घडते.

म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ रोजी व्यापारी बँकांना नियम घालून दिले, ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले. शिल्लक कमी पडली की बँकेने आधी ग्राहकाला कळवायचे, भरपाईसाठी किमान महिनाभर द्यायचा, मगच दंड लावायचा. दंड जितकी रक्कम कमी पडली त्या प्रमाणात हवा आणि केवळ दंडामुळे खाते उणे होता कामा नये.

‘पैसे ठेवले नाहीत, मग भरा’ हे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. ग्राहकाची जबाबदारी बँकेने कळवल्यानंतर सुरू होते. शिवाय हा दंड भरतो कोण? ज्याच्या खात्यात लाख-दोन लाख पडून असतात, तो नव्हे. मार्च २०२४ पर्यंतच्या पाच वर्षांत सरकारी बँकांनी मिनिमम बॅलन्सच्या दंडापोटी सुमारे ८,५०० कोटी रुपये गोळा केले, ते हातावर पोट असलेल्या खातेदारांकडूनच मुख्यतः आले असणार. स्टेट बँकेने हा दंड २०२० मध्येच बंद केला, कॅनरा आणि पंजाब नॅशनल बँकेने २०२५ मध्ये. दंडाशिवायही बँक चालते, हे यावरून दिसतेच.

आता आपले काम. हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची करून घ्या. नको असलेली खाती बंद करा. कमी शिल्लक राहत असेल, तर मूलभूत बचत खाते मागा, त्याला किमान शिलकेची अट नसते. बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही पाहा, नाहीतर सूचना येऊनही कळायची नाही. आणि न कळवता मिनिमम बॅलन्सचा दंड कापला असेल, तर शाखेत लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा, त्याला फी लागत नाही. खात्यात पैसे ठेवणे ही जशी आपली जबाबदारी, तशीच चुकीने गेलेला पैसा परत मागणे हीसुद्धा.

पुढील भागात : क्रेडिट कार्डाची ‘मिनिमम ड्यू’ भरल्यावर व्याज कसे वाढत जाते.