काडी न लावता वाढलेलं रान

कोस्टा रिकाच्या वायव्य टोकाला, निकाराग्वाच्या सीमेला लागून ग्वानाकास्ते नावाचा प्रांत आहे. पर्यटकांच्या डोळ्यांसमोर कोस्टा रिका म्हणताच बारमाही हिरवं, पावसाळी जंगल उभं राहतं, पण हा मुलूख वेगळा. डिसेंबर ते मे पावसाचा थेंब नाही, झाडं निष्पर्ण, जमीन तडकलेली. विदर्भातल्या माणसाला इथला एप्रिल मुळीच परका वाटणार नाही.

स्पॅनिश लोक आले तेव्हापासून इथे गुरांचे मोठमोठे वाडे होते. विसाव्या शतकात अमेरिकेला गोमांस हवं होतं आणि भाव चढा होता, म्हणून उरलंसुरलं रानही कुरणात गेलं. कुरणासाठी आफ्रिकेतून खारागुआ नावाचं गवत आणलं होतं. पुरुषभर उंचीच्या पुढे जाणारं हे गवत उन्हाळ्यात वाळून उभं राहतं. नवा कोंब फुटावा म्हणून गुरं पाळणारे ते पेटवत आणि वणव्यात शेजारचं रान दरवर्षी काठाकाठानं आत जळत जाई. गवत दुसऱ्या पावसात पुन्हा उभं राही. झाडाचं रोपटं मात्र एकदा जळलं की संपलं.

१९७१ साली इथे सांता रोसा राष्ट्रीय उद्यान झालं, तेही जंगलासाठी कमी आणि इतिहासासाठी जास्त. १८५६ मध्ये विल्यम वॉकर या अमेरिकी भाडोत्री आक्रमकाच्या टोळीला कोस्टा रिकाच्या फौजेनं इथल्याच वाड्याजवळ पळवून लावलं होतं. सुमारे १०,००० हेक्टरच्या या उद्यानात रानाचे तुकडे होते, मधे गवताचा समुद्र होता आणि वणवे चालूच होते. कागदावर संरक्षण मिळालं म्हणून गवत जळायचं थांबत नाही.

डॅनियल जॅन्झेन हा कीटक आणि झाडांच्या नात्यांचा अभ्यासक साठच्या दशकापासून या देशात येत होता. १९८५ मध्ये त्याला दक्षिणेच्या कोर्कोवादो उद्यानात सोनं धुणाऱ्यांनी घुसून केलेली नासधूस तपासायला बोलावलं गेलं. ज्या जंगलाचा शेजाऱ्यांना काही उपयोग नाही, ते शेजारी कधी ना कधी खाऊन टाकणारच, ही गोष्ट त्याला तिथे लख्ख दिसली. पत्नी आणि सहकारी विनी हॉलवाक्स हिच्यासह त्यानं सांता रोसाभोवतीची कुरणं विकत घेऊन जंगल परत आणायची योजना मांडली. तोवर गोमांसाचा भाव पडला होता आणि जमीनमालक विकायला तयार होते. तो भाव पडला नसता तर आज हा मागोवा लिहायचं कारणच उरलं नसतं, असं मला वाटतं. पैसा देणग्यांतून आला आणि कर्जाच्या बदल्यात निसर्गरक्षण या पद्धतीनं स्वीडन सरकारकडूनही आला.

सगळीच जमीन सुखासुखी मिळाली नाही. अमेरिकी मालकांची सांता एलेना ही वाडी सरकारनं १९७८ मध्येच ताब्यात घ्यायचा हुकूम काढला होता. किंमतीचा वाद आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला आणि २००० साली १ कोटी ६० लाख डॉलरवर मिटला. मधल्या काळात त्याच जमिनीवर निकाराग्वातल्या बंडखोरांना रसद पोचवायला अमेरिकेच्या हस्तकांनी गुप्त धावपट्टीही बांधून घेतली होती!

जंगल आणण्याची रीत मात्र साधी निघाली. वणवा थांबवायचा. गावातली माणसं पगारी नोकरीवर घेतली, जाळरेषा काढल्या, टेहळणी बसवली. सुरुवातीच्या वर्षांत गुरंसुद्धा हाकलली नाहीत, कारण ती गवत खाऊन जळण कमी करत. आग नसल्यावर वाऱ्यावरची बीजं आधी रुजली, मग पक्षी, वटवाघळं आणि चरणाऱ्या जनावरांनी आणलेली. आपल्याकडे मात्र २०१७ ते २०१९ या काळात ५० कोटी झाडं लावण्याचा संकल्प सोडला गेला आणि आकडे फलकांवर झळकले. खड्डे मोजणं सोपं असतं. न लागलेली आग मोजायची कशी आणि तिचं उद्घाटन कोणाच्या हस्ते करायचं?

लावलेल्या झाडांचाही इथे उपयोग झाला, पण उलट्या अंगानं. पूर्वेच्या ओल्या उतारावर वारा बीज आणत नाही, तिथे गवत हटेना. तिथे लाकडासाठी लावलेली शिवण होती, म्हणजे कोकणापासून विदर्भापर्यंत आपल्या रानात वाढणारं तेच झाड. तिच्या दाट सावलीत गवत मेलं, पक्षी येऊन बसले आणि काही वर्षांत तिच्याखाली मूळचं पावसाळी रान उगवलं.

संत्र्याच्या सालींची गोष्ट त्याहून अफलातून. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शेजारच्या देल ओरो या रस-कारखान्याच्या सुमारे १२,००० टन साली, म्हणजे हजारभर ट्रक, तीन हेक्टर ओसाड कुरणावर ओतल्या. अळ्यांनी त्यांचा चिखल केला आणि गवत गुदमरलं. प्रतिस्पर्धी कारखान्यानं उद्यान घाण केल्याचा दावा लावून प्रयोग बंद पाडला. दीडेक दशकांनी प्रिन्स्टनचा संशोधक टिमथी ट्रॉयर तिथे गेला, तर झाडीत जागेची पाटीच सापडेना. सालींच्या भागात जमिनीवरचा जैवभार शेजारपेक्षा १७६ टक्क्यांनी जास्त भरला. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. खटला जिंकणाऱ्यांनी त्यावर काय म्हटलं असतं, ऐकायला आवडलं असतं.

शेजाऱ्यांना रानाचा उपयोग व्हावा म्हणून १९८९ पासून शेतकरी, गृहिणी, शाळा सोडलेली पोरं यांना सुरवंट गोळा करून वाढवायचं, नोंदवायचं शिक्षण मिळालं आणि ती त्यांची नोकरी झाली. आसपासच्या शाळांतल्या मुलांचे वर्ग रानात भरू लागले. तरी शेजाऱ्यांत एकमत झालं असं नाही. २००१ मध्ये शिकारबंदीवर चिडलेल्या शिकाऱ्यांनी सांता रोसाचा ऐतिहासिक वाडा पेटवला. तो पुन्हा उभारावा लागला.

आज समुद्र धरून १,६०,००० हेक्टरहून जास्त क्षेत्र राखलेलं आहे. किनाऱ्यापासून ज्वालामुखींच्या माथ्यापर्यंत आणि पलीकडच्या ओल्या उतारापर्यंत ते सलग आहे. हे सलगपण महत्त्वाचं, कारण कोरड्या रानातले कितीतरी पतंग उन्हाळ्यात डोंगरापलीकडे ओलाव्याला जातात. १९९९ मध्ये युनेस्कोनं या क्षेत्राला जागतिक वारसा ठरवलं. पण ही कृती उचलून कुठेही चालेल असं नाही. बीज द्यायला रानाचे तुकडे जवळ उरलेले असावे लागतात, आणि इथे ते होते.

पतंग मात्र या राखलेल्या रानातही घटले. जॅन्झेन आणि हॉलवाक्स यांनी २०२१ मध्ये लिहिलेल्या लेखात, रात्री पतंग ओढायला दिव्यापाशी लावलेल्या पडद्याचे एकाच जागचे फोटो आहेत. १९८४ मध्ये पडदा पतंगांनी भरलेला, २०१९ मध्ये जवळपास रिकामा. कारण बाहेरचं आहे, हवामानाचं. पूर्वी चार महिने चालणारा कोरडा हंगाम आता सहा महिन्यांकडे सरकला आहे, असं ते सांगतात. म्हणजे आगीवर नजर ठेवणाऱ्यांना दरवर्षी दोन महिने जास्त पहारा द्यावा लागणार, आणि त्या दोन महिन्यांचा पगार कुठून येणार, हा ग्वानाकास्तेपुढचा आजचा सवाल आहे.