बिटकॉइनचा आलेख, सोयाबीनचा सौदा

रेणापुरात पहाटे साडेपाच वाजता बिटकॉइनचा नवा दिवस सुरू होतो. हा बाजार जगभर एकाच घड्याळावर चालतो. जागतिक प्रमाणवेळेची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडची पहाट, आणि त्या क्षणी आलेखावरची कालची कँडल मिटून आजची उघडते. या बाजाराला रविवार नाही, दिवाळी नाही, अमावास्याही नाही. त्याचा भाव क्षणाक्षणाला दाखवणारे साधन उभारायला मुंबई-पुण्याला जावे लागत नाही. लातूर-अंबाजोगाई रस्त्यावरच्या या तालुक्याच्या गावीही साधा लॅपटॉप आणि बऱ्यापैकी नेट असले की काम सुरू करता येते. लागणारी माहिती बायनान्ससारखी मोठी एक्स्चेंजेस फुकट, उघड्यावर देतात.

हे साधन तीन कामे करते: भाव आणणे, त्याचा हिशेब ठेवणे आणि तो चितारणे.

पूर्वी वेबपानाला नवी माहिती हवी असली की ते दर थोड्या वेळाने सर्व्हरला विचारत राही. डिसेंबर 2011 मध्ये वेबसॉकेटचे प्रमाणक ठरले आणि ही विचारणा थांबली. जोडणी एकदा झाली की सर्व्हर स्वतःहून माहिती ढकलत राहतो. सौदा झाला की संदेश येतो: कोणते नाणे, काय भाव, किती नग, कोणती वेळ. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत असते. भाव मात्र बायनान्स आकड्याच्या रूपात न पाठवता मजकुराच्या रूपात पाठवते. कारण ब्राउझरमध्ये 0.1 आणि 0.2 यांची बेरीज केली तर उत्तर 0.30000000000000004 असे येते. पैशाच्या हिशेबात असली शेपटी चालत नाही, म्हणून मजकुराचा आकडा कसा करायचा हे बनवणाऱ्याने जपून ठरवायचे असते.

खरी कसोटी लागते ती नेट गेल्यावर. लाइट गेली, टॉवर बंद पडला, की जोडणी तुटते. काही न घडताही बायनान्सची जोडणी 24 तासांनी संपतेच. कच्चे साधन तुटण्याआधीचा बिंदू परत आल्यानंतरच्या बिंदूला सरळ रेषेने जोडून टाकते, आणि मधल्या वेळात भाव शांत होता असा खोटा भास होतो. पक्के साधन आधी थेट प्रवाह पुन्हा सुरू करते, मग मधल्या काळाचा इतिहास मागवते आणि दोन्ही जुळवून घेते. हा क्रम उलटा झाला तर काही सौदे निसटतात. एका दिवसात मिनिटाच्या कँडल 1,440 होतात आणि एका मागणीत जास्तीत जास्त 1,000 मिळतात, तेव्हा दिवसभराची पोकळी भरायला दोनदा मागावे लागते. ती भरेपर्यंत ‘जोडणी तुटली आहे’ असे पडद्यावर स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे.

चितारण्याचे काम त्या मानाने सोपे आहे. ट्रेडिंगव्ह्यू कंपनीची ‘लाइटवेट चार्ट्स’ ही मुक्त लायब्ररी त्यासाठी पुरते. पण कँडल म्हणजे काय, ते नीट समजलेले हवे. समजा, सोयाबीनचा सौदा 4,400 ला उघडला, 4,350 पर्यंत उतरला, 4,550 पर्यंत चढला आणि 4,500 वर बंद झाला. उघडता आणि बंद भाव यांच्यामधली जाड पट्टी म्हणजे कँडलचे अंग. वर-खाली निघालेल्या बारीक रेघा म्हणजे दिवसाचा उच्चांक आणि नीचांक. दिवसभराची सगळी ओढाताण चार आकड्यांत येते.

सोयाबीनचे उदाहरण इथे परके नाही. कँडलचे मूळच धान्याच्या बाजारात सांगितले जाते. जपानमध्ये ओसाकाच्या दोजिमा तांदूळ बाजाराला 1730 मध्ये शोगुनच्या राजवटीने मान्यता दिली, आणि साकाता गावचा तांदळाचा व्यापारी होम्मा मुनेहिसा याच्याकडे या पद्धतीचे श्रेय परंपरेने जाते. पाश्चात्त्य व्यापाऱ्यांमध्ये ती रुजली स्टीव्ह निसन यांच्या 1991 च्या पुस्तकामुळे. बिटकॉइनचा पहिला ब्लॉक 3 जानेवारी 2009 चा. म्हणजे आज क्रिप्टोची खूण वाटणारा हा आलेख तांदळाच्या पोत्यांच्या बाजारातून आला आहे.

आलेख दाखवणाऱ्याच्या हातात किती ताकद असते, ते 8 जानेवारी 2018 ला दिसले. कोरियातले भाव बाकी जगापेक्षा बरेच चढे होते. म्हणून अनेक एक्स्चेंजेसच्या भावांची सरासरी दाखवणाऱ्या कॉइनमार्केटकॅप या संकेतस्थळाने पूर्वसूचना न देता तिथली काही एक्स्चेंजेस सरासरीतून वगळली. पडद्यावरचे भाव एकदम खाली आले आणि बाजारच कोसळला असे समजून लोक घाबरले. 21 ऑक्टोबर 2021 ला बायनान्सच्या अमेरिकी एक्स्चेंजवर एका व्यापाऱ्याच्या संगणकी प्रणालीतल्या दोषामुळे बिटकॉइन क्षणभर सुमारे 8,200 डॉलरवर आला. इतरत्र तेव्हा तो साठ हजारांच्या वर होता. म्हणून भाव कोणत्या एक्स्चेंजचा, कोणत्या चलनातला, किती वाजताचा, हे आलेखाच्या शेजारीच छापलेले पाहिजे.

आणि उत्तम आलेखसुद्धा उद्याचा भाव सांगत नाही. महिन्याला 10 टक्के परतावा, तोही 18 महिने, असे आमिष दाखवणाऱ्या गेनबिटकॉइन प्रकरणात महाराष्ट्रातल्या अनेकांचे पैसे बुडाले. 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि तोटा त्यातून वळता करता येत नाही. साधन बनवणाऱ्याने ‘घ्या’, ‘विका’ असे बाण आलेखावर काढण्याच्या भानगडीत पडू नये.

आता आपल्या आडतीकडे वळू. लातूरची बाजारपेठ सोयाबीन आणि तुरीसाठी नावाजलेली. 2021 च्या ऑगस्टमध्ये इथे सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेले आणि नवा माल येऊ लागताच झपाट्याने उतरले. त्याच डिसेंबरात सेबीने सोयाबीनचे वायदे स्थगित केले आणि स्थगितीची मुदत पुढे वाढवत नेली. वायद्याचा हलता भाव डोळ्यांसमोरून गेला. उरले बाजार समितीचे रोजचे तीन आकडे: किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. त्यांतून कँडल काढता येत नाही. सकाळी भाव काय उघडला आणि शेवटी कुठे थांबला, हे त्यांत नसतेच. सौदा चढत गेला की उतरत गेला, हे त्या दिवशी माल घेऊन आलेल्यालाच ठाऊक.

ज्याच्या घरात एकही नाणे नाही त्याला बिटकॉइनचा प्रत्येक सौदा दिसतो आणि ज्याच्या घरात सोयाबीनची थप्पी लागली आहे त्याला आपल्या पिकाच्या भावाची दिशा दिसत नाही, हे बदलायला हवे. 14 एप्रिल 2016 ला ई-नाम हा ऑनलाइन राष्ट्रीय कृषी बाजार सुरू झाला, तेव्हापासून त्याला जोडलेल्या बाजार समित्यांत ऑनलाइन बोलीची सोय आली आहे. प्रत्येक सौद्याचा भाव, वजन, ओलावा आणि वेळ, शेतकऱ्याचे नाव वगळून, त्याच क्षणी खुली करणे तंत्राला अवघड नाही. रेणापूर, लातूर, उदगीरच्या समित्यांनी ते मनावर घ्यावे. आणि आलेखाचे तंत्र शिकणाऱ्या इथल्या मुलामुलींनी क्रिप्टोवर हात जरूर बसवावा, फुकटच्या माहितीवर सराव चांगला होतो. हात बसला की मात्र पहिला पक्का आलेख सोयाबीनचा करावा.