निफ्टी चढला, तरी कॉलचे पैसे अर्धे कसे झाले?

"दादा, निफ्टी वर जाणार म्हणून कॉल घेतला, निफ्टी वर गेलाही, तरी पैसे अर्धे झाले. ॲपवाल्याने गडबड केली का?" परवा पारावर एका पोराने मोबाईल पुढे करून विचारलं. गडबड कुणीच केली नव्हती. ऑप्शनचा भाव नुसत्या निफ्टीवर ठरत नाही, एवढंच.

कांद्यावरून बघू. आज भाव क्विंटलला २,००० रुपये आहे. एक जण तुम्हाला म्हणतो, "महिनाअखेरीला मी तुमचा कांदा २,२०० ने उचलीन. नाही परवडलं तर सोडून देईन. त्या बदल्यात हे १०० रुपये आत्ताच घ्या, परत मागणार नाही." ते शंभर रुपये म्हणजे प्रीमियम, २,२०० म्हणजे स्ट्राइक, आणि हा झाला कॉल. ठरल्या भावाने विकायचा हक्क घेतला तर तो पुट.

आता तुम्ही शंभरच का घ्याल? भाव आधीच २,१५० असता तर जास्त मागितले असते. मुदत महिन्याऐवजी चारच दिवसांची असती तर कमी चाललं असतं, कारण चार दिवसांत भाव कितीसा पळणार? आणि निर्यातबंदी उठणार अशी आवई लासलगावला उठली असती, तर त्याच कांद्याचे तुम्ही तीनशे मागितले असते. भाव अजून हललेला नाही, पण हलेल असं सगळ्यांना वाटतंय. या वाटण्याचीही किंमत प्रीमियममध्ये असते. ॲपमध्ये ती 'आयव्ही' म्हणून दिसते. व्याजदराचाही थोडा परिणाम होतो, पण आठवड्याच्या ऑप्शनमध्ये तो नगण्य.

त्या पोराचं असंच झालं. आकडे सोपे करून सांगतो. शुक्रवारी निफ्टी २५,००० असताना त्याने २५,२०० चा कॉल ७० रुपयांना घेतला. निफ्टीचे आठवड्याचे ऑप्शन आता मंगळवारी संपतात. सोमवारी निफ्टी २५,०८० झाला, म्हणजे ८० ने वाढला. पण मुदतीचा एकच दिवस उरला आणि स्ट्राइक अजून १२० लांब. प्रीमियम राहिला ३५. मंगळवारपर्यंत थांबून फायदा हवा असेल तर निफ्टी २५,२७० च्या वर बंद व्हायला हवा, खर्च वेगळाच.

भीती उतरली की काय होतं ते २०२४ च्या लोकसभा निकालात दिसलं. ४ जूनला इंडिया व्हिक्स, म्हणजे बाजाराच्या धाकधुकीचा आकडा, दिवसभरात ३० च्या वर गेला होता. दुसऱ्याच दिवशी तो १९ च्या आसपास आला. असं झालं की कॉल आणि पुट दोन्हींतली हवा जाते. कंपनीच्या तिमाही निकालाआधी महाग ऑप्शन घेणाऱ्यांचं हेच होतं. निकाल चांगला लागतो, शेअर थोडा वाढतो आणि प्रीमियम मात्र पडतो.

सेबीने २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा हिशोब काढला. फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते.

आणखी एक, जे ट्रॅक्टरचा हप्ता खात्यात ठेवून हे खेळतात त्यांच्यासाठी. निफ्टीच्या ऑप्शनचा हिशोब पैशात मिटतो, पण एखाद्या कंपनीच्या शेअरचा कॉल फायद्यात असताना शेवटच्या दिवशी तसाच सोडला, तर पूर्ण लॉटचे शेअर घ्यावे लागतात. ती रक्कम लाखांत जाते. मुदत संपायच्या आधीच विकून मोकळे व्हा.