गरुडांचा मारेकरी

उलटे नरसाळे, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी आणि आत हिरवीगार हायड्रिला. उन्हात ठेवली की प्राणवायूचे बुडबुडे नळीत चढू लागतात. प्रकाशसंश्लेषणाचा हा धडा आपल्याकडच्या कित्येक पिढ्या शाळेत शिकल्या. मूळची आपल्याच भागातली ही गुणी पाणवनस्पती परदेशात एका हत्याकांडाची साथीदार ठरली, हे चटकन खरे वाटत नाही.

१९९४-९५च्या हिवाळ्यात अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात, डीग्रे सरोवराच्या परिसरात २९ गरुड मेलेले आढळले. पांढऱ्याशुभ्र डोक्याचा हा पक्षी त्या देशाच्या राजमुद्रेवर विराजमान आहे. डीडीटीने त्याला नामशेष होण्याच्या काठावर नेले होते. १९७२ मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली आणि गरुड कुठे सावरत होता, तोच हे नवे संकट! आजारी पक्षी झिंगल्यासारखे वागत, उडता उडता कड्यांवर आदळत. विजेच्या तारेवर वेष्टन असते तसे मज्जातंतूंवरही असते. मेलेल्या गरुडांच्या मेंदूत या वेष्टनाला असंख्य बारीक पोकळ्या पडल्या होत्या. पण रोगजंतू सापडेना, ओळखीचे विषही सापडेना.

मग माग काढला गेला तो ताटावरून. हे गरुड कूट नावाचे पाणपक्षी खात होते. कपाळावर पांढरा टिळा असलेल्या ज्या काळ्या पक्ष्याला आपण ‘वारकरी’ म्हणतो, त्याचाच हा अमेरिकन चुलतभाऊ. तेही त्याच रोगाने मरत होते, आणि त्यांचे खाणे होते हायड्रिला. १९५०च्या दशकात मत्स्यपेट्यांच्या व्यापारातून ती फ्लोरिडात गेली आणि कालव्या-तलावांत मोकाट पसरली. जॉर्जिया विद्यापीठाच्या सुसान वाइल्ड यांना तिच्या पानांखाली गडद ठिपके दिसले. ती नीलहरित जीवाणूंची वस्ती होती. २०१४ मध्ये त्याला नाव मिळाले ‘एटॉक्थोनॉस हायड्रिलिकोला’, म्हणजे हायड्रिलावर राहणारा गरुडमारक.

तरी कोडे सुटले नव्हते. जर्मनीतील हाले येथे टिमो नीडरमायर यांच्या प्रयोगशाळेत वाढवलेला हा जीवाणू अगदी निरुपद्रवी निघाला. तलावातल्या पानांवरचा मात्र घातकच. फरक होता ब्रोमीनचा. विषाच्या प्रत्येक रेणूत ब्रोमीनचे पाच अणू होते आणि प्रयोगशाळेतल्या पाण्यात ते नव्हतेच. ब्रोमाइड घालताच विष तयार होऊ लागले. मार्च २०२१ मध्ये हे संशोधन ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले, पहिले गरुड मेल्यानंतर पाव शतकाहून अधिक काळाने.

हे ब्रोमाइड निसर्गात असतेच, पण कोळशावरची वीजकेंद्रे आणि कारखानेही ते पाण्यात सोडतात. आणखी एक गोष्ट वाचून मी थबकलो. हायड्रिला मारायला वापरल्या जाणाऱ्या डायक्वॉट या तणनाशकातही ब्रोमाइड असते! म्हणजे रोगावरचे औषधच विषाला कच्चा माल पुरवण्याचा संभव.

बँकेत असताना एक गोष्ट पक्की कळली होती. मोठी अफरातफर एका नोंदीत क्वचितच सापडते. प्रत्येक नोंद सुटी पाहिली तर निर्दोष दिसते. बेरीज मात्र चुकलेली असते. इथेही तसेच झाले. कोणी धरण बांधले, कोणी शोभेची वनस्पती विकली, कोणी वीज निर्माण केली, कोणी तण मारले. गरुड मारायचा कोणाचाच हेतू नव्हता. हायड्रिला एकटी निरुपद्रवी, ब्रोमाइडविना तो जीवाणूही तसाच. तिघे एकत्र आले आणि मरण तयार झाले.

आपल्याकडचा हिशेबही कोरा नाही. पुण्याची मुळा-मुठा असो की कोल्हापूरची पंचगंगा, तिथे गालिच्यासारखी पसरणारी जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली. तिची जांभळी फुले लोभस, म्हणूनच तर माणसाने ती देशोदेशी नेली. तेव्हा घरातली मत्स्यपेटी रिकामी करताना त्यातली वनस्पती नाल्यात किंवा तळ्यात सोडू नये. ती उन्हात पूर्ण वाळवून मगच टाकावी. मुलांच्या हातून हे करून घ्यावे. नोंद छोटी आहे, पण बेरीज अशाच नोंदींची होते.